तिसरी खुर्ची

वकिलाच्या आयुष्याला आपल्याकडे एक ठरीव जिना कल्पिलेला असतो. आधी एखाद्या ज्येष्ठाच्या हाताखाली उमेदवारी, मग स्वतःचे दालन, मग नाव, आणि नाव झाले की न्यायासन. या जिन्याला मधल्या मजल्यावर आणखी एक दार फुटते. ते उद्योगाकडे उघडते, आणि त्यातून आत गेलेला माणूस सहसा परतून वरच्या पायऱ्या चढत नाही. पक्षकाराची बाजू मांडणारा, नफ्यातोट्याचा हिशेब पाहणारा आणि निवाडा देणारा या तीन भूमिकांची मनोवृत्तीच इतकी निराळी, की एका देहात तिन्ही नांदतील याची आपल्याला खात्री वाटत नाही.

मराठी मुलखात या तिन्हींची सरमिसळ अगदीच झाली नाही असे नाही. आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला १८४२ साली जन्मलेले महादेव गोविंद रानडे न्यायाधीश होते, १८९३ पासून मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते, आणि तरीही देशी उद्योगांवाचून या देशाला गती नाही हे अर्थशास्त्राच्या भाषेत सांगणारे पहिल्या फळीतले विचारवंत होते. १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरली तीत त्यांचा पुढाकार होता. पण सरकारी सेवेतल्या माणसाने उद्योगाला प्रेरणा द्यायची, गल्ल्यावर बसायचे नाही, ही मर्यादा त्यांना होतीच. साताऱ्याचे अण्णासाहेब चिरमुले हे दुसरे टोक. पेशाने वकील, पण १९१३ साली त्यांनी वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली आणि १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँक. (ती बँक २००६ साली आयडीबीआय बँकेत विलीन झाली, तेव्हा साताऱ्यातल्या अनेकांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले असणार.) रानड्यांनी न्यायासनावरून उद्योगाचा विचार केला, चिरमुल्यांनी वकिलीतून उद्योग उभा केला. तिन्ही खुर्च्या एकाच माणसापुढे मांडल्या गेल्याचे उदाहरण शोधायचे तर मला नानी पालखीवालांपाशीच थांबावे लागते. त्यांतल्या दोन खुर्च्यांवर ते एकाच वेळी बसले. तिसरी समोर आली तेव्हा त्यांनी ती नाकारली. माझ्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातला सर्वांत बोलका भाग हा नकारच आहे.

नानाभॉय अर्देशीर पालखीवाला यांचा जन्म १६ जानेवारी १९२० चा, मुंबईतला. पूर्वजांचा धंदा पालख्यांचा, आडनाव त्यावरून आलेले. लहानपणी ते बोलताना अडखळत असत. पुढे ज्यांचे भाषण ऐकायला ब्रेबोर्न स्टेडियम भरू लागले त्यांच्याविषयीची ही हकिकत वक्तृत्वाच्या वर्गात सांगण्याजोगी आहे. झेवियर्स महाविद्यालयातून इंग्रजी घेऊन ते एम. ए. झाले आणि मुंबई विद्यापीठात अध्यापकाच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला. जागा दुसऱ्याच उमेदवाराला, एका तरुणीला मिळाली, आणि इतर प्रवेश बंद झाल्यामुळे पालखीवाला कायद्याच्या वर्गात जाऊन बसले. १९४६ च्या सुमारास ते सर जमशेटजी कांगा यांच्या दालनात दाखल झाले. १९५० साली कांगा-पालखीवाला या जोडनावाने प्राप्तिकरावरचा जो ग्रंथ निघाला तो पुढे पिढ्यान् पिढ्या करसल्लागारांच्या टेबलावर राहिला. त्या वेळी सहलेखकाचे वय होते तीस.

कर हा विषय असा आहे की त्यात मुरलेला वकील आपोआप उद्योगाच्या माजघरापर्यंत पोचतो. कारखाना कुठे काढायचा, नफा कधी वाटायचा, घसारा कसा धरायचा, हे सारे प्रश्न फिरून त्याच्याच टेबलावर येतात. साठच्या दशकात पालखीवाला टाटा समूहात आले. टाटा सन्सचे संचालक, ए. सी. सी. या सिमेंट कंपनीचे अध्यक्ष, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे अध्यक्ष अशी पदे त्यांनी दीर्घकाळ सांभाळली. वकिली मात्र सोडली नाही. वाचकांपैकी जे या व्यवसायात नाहीत त्यांच्यासाठी इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, की बार कौन्सिलच्या नियमांनी या बाबतीत मोठी सूक्ष्म रेघ ओढलेली आहे. वकिलाला कंपनीच्या संचालक मंडळावर बसता येते, अध्यक्षही होता येते, पण दैनंदिन कारभाराची जबाबदारी घेता येत नाही. व्यवस्थापकीय संचालक वा कंपनी सचिव होता येत नाही, आणि पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली तर सनद निलंबित करून घ्यावी लागते. थोडक्यात, मोठ्या वकिलाला दोन्ही दारे उघडी. लहान वकिलाला एकाची कडी लावूनच दुसरे उघडता येते. नियम सर्वांना सारखा आहे, परिणाम सारखा नाही.

आता नकाराविषयी. साठच्या दशकाच्या प्रारंभी सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तिपद त्यांना देऊ करण्यात आले होते असे त्यांच्या चरित्रलेखनात सांगितले जाते. तोवर वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात कोणी गेले नव्हते. तो पहिला मान १९६४ साली एस. एम. सिक्री यांना मिळाला. न्यायमूर्ती पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात आणि सरन्यायाधीश ज्येष्ठतेने ठरतो, हे ध्यानात घेतले की साधी बेरीज-वजाबाकी करता येते. चाळिशीत तिथे गेलेला माणूस १९८५ पर्यंत तिथे राहिला असता आणि त्यातली बरीच वर्षे सरन्यायाधीश म्हणून. दुसरा नकार अधिक नाट्यमय आहे आणि त्याची हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९६८ साली कायदामंत्री गोविंद मेनन यांनी अॅटर्नी जनरलपद घेण्याचा आग्रह धरला. पालखीवालांनी पुष्कळ घालमेलीनंतर होकार दिला. घोषणा व्हायची होती. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना जाग आली ती हा निर्णय फिरवला पाहिजे या लख्ख जाणिवेने, आणि सकाळी त्यांनी मंत्र्यांची क्षमा मागून नकार कळवला. पुढच्या पाच वर्षांत बँक राष्ट्रीयीकरण, संस्थानिकांचे तनखे, वृत्तपत्रांच्या कागदावरचे निर्बंध आणि केशवानंद भारती हे खटले झाले, आणि प्रत्येकात ते सरकारच्या विरुद्ध उभे होते. पद घेतले असते तर यातल्या प्रत्येक कृतीचे समर्थन त्यांनाच करावे लागले असते.

हे सगळे आज मी इतक्या बारकाईने का चाळतो आहे, याला एक खासगी कारण आहे. मी मूळचा देवळ्याकडचा. नाशिकला कायदा शिकलो, काही वर्षे कळवणच्या कोर्टात बांध, वाटण्या आणि वहिवाटीचे दावे चालवले. मग प्रपंचाची गरज म्हणून मुंबईत एका कंपनीच्या कायदा विभागात गेलो आणि सनद निलंबित करून एकवीस वर्षे तिथे राहिलो. आता परतलो आहे. जिल्हा ग्राहक आयोगाच्या सदस्यपदाची जाहिरात निघाली तेव्हा जुन्या सहकाऱ्यांनी अर्ज करण्याचा आग्रह धरला. कायदा, वाणिज्य, उद्योग यांतला अनुभव चालतो असे नियमच म्हणतो, म्हणजे कागदावर मी अगदी साच्यातला उमेदवार. अर्ज टेबलावर पाहून माझा धाकटा चुलतभाऊ म्हणाला, “दादा, इतकी वर्षं कंपनीचं मीठ खाल्लं तुम्ही. आता कांद्याच्या बोगस बियाण्याची तक्रार घेऊन कुणी आलं, तर कंपनीच्या विरुद्ध निकाल द्याल?”

त्याने हे थट्टेत विचारले नव्हते. त्याला तसा अनुभव आहे. बियाणे उगवले नाही, उगवले ते फुटले आणि डेंगळे झाले, आणि भरपाईच्या दाव्यात तारखांमागून तारखा पडल्या. तारखा कशा पाडल्या जातात हे मला त्याच्यापेक्षा नीट ठाऊक आहे. आधी अधिकारक्षेत्राचा आक्षेप, मग मुदतीचा, मग तक्रारदार ‘ग्राहक’ या व्याख्येतच बसत नाही असा, मग लवादाच्या कलमाचा. बियाण्याची गोष्ट निघेपर्यंत दोन हंगाम उलटलेले असतात. कंपनीच्या कायदा विभागात बसून माणूस दुष्ट होत नाही. त्याची नजर मात्र घडते. समोरच्या माणसाचे नुकसान त्याला ‘संभाव्य दायित्व’ या रकान्यातला आकडा म्हणून दिसू लागते. ही नजर खुर्ची बदलल्याने बदलते का, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे, आणि पालखीवालांकडे मी त्याच्या उत्तरासाठी पाहतो आहे.

त्यांच्याकडे निर्मळ कौतुकाने पाहणे मला शक्य होत नाही, याचे कारण आमच्या सातबाऱ्यावर आहे. माझे आजोबा कूळ होते. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला, १९५६ साली त्यात मूलगामी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी जमीन कसणारी कुळे ‘मानीव खरेदीदार’ ठरली. शेतजमीन न्यायाधिकरणाने ३२-ग खाली चौकशी करून किंमत ठरवायची, ती आकाराच्या वीसपट ते दोनशेपट, हप्त्यांनी भरायची, आणि भरून झाली की ३२-म चे प्रमाणपत्र मिळायचे. देवळा तेव्हा तालुका नव्हता. या कामासाठी आजोबा कळवणला खेपा घालत. त्या प्रमाणपत्राची घडी इतक्यांदा उलगडली गेली आहे की घडीच्या रेषेवरची अक्षरे पुसली आहेत. त्या कागदावर माझे शिक्षण झाले.

आणि तो कागद घटनेच्या ज्या भिंतीआड सुरक्षित होता ती भिंत म्हणजे नववी अनुसूची. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ती जोडली गेली आणि मुंबईचा हा कुळकायदा तिच्यात दुसऱ्याच क्रमांकावर आहे. मूलभूत हक्कांचा, विशेषतः मालमत्तेच्या हक्काचा भंग झाला म्हणून हा कायदा कोर्टाला रद्द करता येऊ नये, यासाठी ती सोय. १९६७ च्या गोलकनाथ खटल्याने मूलभूत हक्कांना हात लावणारी घटनादुरुस्तीच संसदेला करता येत नाही असे ठरवले, तेव्हा आधीच्या दुरुस्त्या अभय देऊन वाचवल्या गेल्या, पण पुढची वाट बंद झाली. गोलकनाथ कुटुंबाकडे जालंधरला पाचशे एकर जमीन होती. कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती केरळच्या जमीन सुधारणा कायद्याविरुद्ध कोर्टात गेले होते, आणि त्यांच्या याचिकेबरोबर ज्या याचिका ऐकल्या गेल्या त्यांत माजी संस्थानिक आणि कोळसा कंपन्या होत्या. टाटांच्या संचालकाने या सर्वांच्या बाजूने मालमत्तेच्या हक्काचे पोवाडे गावेत, यात संशयाला जागा दिसली तर संशय घेणाऱ्याला दोष देता येणार नाही. सत्तरच्या दशकात डाव्या मंडळींनी तो घेतलाच. अर्थसंकल्पावरच्या त्यांच्या गाजलेल्या व्याख्यानांतही प्राप्तिकराच्या दराचा संताप असे. तो रास्त होता. १९७३-७४ च्या सुमारास सर्वांत वरच्या टप्प्यावरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता, आणि असा दर चोरीलाच आमंत्रण देतो. पण त्या हजारोंच्या गर्दीत आमच्या आजोबांसारखा श्रोता कल्पिलेलाच नव्हता, हेही तितकेच खरे.

केशवानंद खटल्याची सुनावणी ३१ ऑक्टोबर १९७२ ते २३ मार्च १९७३ या काळात अडुसष्ट दिवस चालली. तेरा न्यायमूर्ती होते, अध्यक्षस्थानी तेच सिक्री, जे पालखीवालांनी नाकारलेल्या वाटेने पहिल्यांदा आत गेले होते. केरळच्या बाजूने एच. एम. सीरवाई उभे राहिले. सीरवाईदेखील पारशी, तेही कांगांच्याच दालनातून आलेले, १९५७ पासून महाराष्ट्राचे महाधिवक्ता. त्यांनीही न्यायासन आणि अॅटर्नी जनरलपद दोन्ही नाकारले होते. फरक असा की ते उद्योगाच्या दारातून कधी गेले नाहीत; कोर्ट आणि आपला घटनाविषयक ग्रंथ, एवढेच त्यांचे विश्व. निष्पक्षतेसाठी आयुष्याची शुचिता हाच निकष मानला, तर सीरवाईंचे मत अधिक भरवशाचे धरले पाहिजे. आणि सीरवाई ठामपणे म्हणत होते की संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही.

२४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा मतांनी निकाल लागला. संसदेला घटनेचा कोणताही भाग बदलता येईल, मूलभूत हक्कांचाही. परंतु तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. एका परीने मठाचा पराभव झाला. मालमत्तेच्या हक्काला चौकटीत स्थान मिळाले नाही, जमीन सुधारणा टिकल्या. पालखीवाला ज्यासाठी लढायला आले होते ते त्यांना मिळाले नाही, आणि जे मिळाले त्याचे मोल कुणालाच तेव्हा नीट उमगले नव्हते.

ते उमगायला दोनच वर्षे लागली. जून १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला पालखीवालाच उभे होते. २४ जूनला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्याकडून सशर्त स्थगिती मिळाली. २५ च्या रात्री आणीबाणी आली आणि पालखीवालांनी वकीलपत्र परत केले. उद्योगजगतातले अनेकजण तेव्हा संप थांबले, गाड्या वेळेवर धावू लागल्या म्हणून समाधान व्यक्त करत होते, हे लक्षात घेतले की या कृतीचे वजन कळते. मालमत्तेचे वकील म्हणून ज्यांना हिणवले गेले त्यांनी मालमत्ता सुरक्षित असताना पक्षकार सोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरन्यायाधीश ए. एन. राय यांनी केशवानंद निकालाचा फेरविचार करण्यासाठी पुन्हा तेरा न्यायमूर्ती बसवले. पालखीवालांनी त्याला विरोध करताना जे भाषण केले त्याविषयी न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी पुढे लिहिले की त्या उंचीचे वक्तृत्व त्या न्यायालयात क्वचितच ऐकले गेले असेल. दोन दिवसांच्या सुनावणीनंतर ते पीठ विसर्जित झाले. १९८० साली मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात, म्हणजे पुन्हा एका कंपनीच्याच वकीलपत्रावर, त्यांनी बेचाळिसाव्या दुरुस्तीतली सर्वांत घातक कलमे पाडून घेतली.

आणि सीरवाई? आणीबाणी पाहिल्यावर त्यांनी आपले मत बदलले आणि आपल्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत मूलभूत चौकटीचा सिद्धान्त मान्य केला. आयुष्यभर कंपनीच्या वाऱ्याला न उभा राहिलेला माणूस आधी चुकीच्या बाजूला होता आणि सिमेंट कंपनीचा अध्यक्ष बरोबर होता. माणूस कुठून आला यावरून त्याचा निवाडा कसा असेल हे सांगता येते, या माझ्या चुलतभावाच्या (आणि बऱ्याच अंशी माझ्याही) समजुतीला हा इतिहास नीटसा जुळत नाही.

तरीही पालखीवालांनी न्यायासन नाकारले ते योग्यच केले असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण हितसंबंध हे नाही. त्यांचा पिंडच वकिलाचा होता. त्यांची भाषणे वाचताना सतत जाणवते की या माणसाला दुसरी बाजू दिसते ती खोडण्यापुरती. केशवानंदच्या पीठावर ते बसले असते तर तेरातले एक मत झाले असते. समोर उभे राहून त्यांनी सात मते मिळवली. याउलट न्यायमूर्ती छागला. वकील, मग १९४७ ते १९५८ मुंबईचे मुख्य न्यायाधीश. १९५८ च्या आरंभी मुंदडा प्रकरणाची चौकशी त्यांच्याकडे आली. आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे समभाग का घेतले, हा प्रश्न. छागलांनी चौकशी उघड्यावर घेतली, बाहेर ध्वनिक्षेपक लावले, काही आठवड्यांत अहवाल दिला आणि अर्थमंत्र्यांना पद सोडावे लागले. उद्योगातले आतले धागे त्यांना ठाऊक नव्हते. ते त्यांनी साधे प्रश्न विचारून काढून घेतले. आतून पाहिलेले असणे उपयोगी पडते खरे, पण ऐकून घेण्याची सवय त्याहून अधिक.

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला आणि कलम ३००-अ म्हणून शिल्लक उरला. महाराष्ट्राच्याच कमाल जमीन धारणा कायद्यावरच्या वामनराव खटल्यात ठरले की २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या अनुसूचीत घातलेल्या गोष्टी तपासता येतील, त्याआधीच्या नाहीत. २००७ च्या कोएल्हो निकालाने ते पक्के झाले. म्हणजे आजोबांचा कागद अबाधित राहिला. गंमत अशी की आता आमच्या जिल्ह्यात रस्त्यांसाठी जमिनी जाऊ लागल्यावर त्याच कुळांची नातवंडे ३००-अ चा आधार घेऊन कोर्टाची पायरी चढतात. २०२० साली विद्यादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मानवी हक्क आहे असे सांगितले, ते आमच्या पारावर बसणाऱ्यांनाही ठाऊक आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईतल्या इमारतींवरून निघालेल्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. ती बातमी चुलतभावाने मला मोबाइलवर मोठ्या समाधानाने दाखवली होती. पालखीवाला तेव्हा असते तर त्यांना देवळ्यात श्रोता मिळाला असता.

११ डिसेंबर २००२ रोजी ते गेले. अखेरच्या काळात आजारपणाने त्यांची वाचा जवळजवळ हिरावली होती.

अर्ज मी भरला आहे. त्यासोबत एक स्वतंत्र कागद जोडला, त्यावर मी ज्या कंपनीत होतो तिचे आणि तिच्या संलग्न कंपन्यांचे नाव लिहून त्यांची प्रकरणे माझ्यापुढे येऊ नयेत अशी विनंती केली. असा कागद कुणी मागितलेला नव्हता. बियाण्याच्या कंपन्या त्या यादीत नाहीत, हे चुलतभावाला दाखवले. त्याने यादी दोनदा वाचली, आणि मग विचारले की आयोगापुढे पहिल्याच तारखेला बियाण्याच्या नमुन्याची तपासणी मागायची, तर अर्ज कसा लिहायचा.